फाटकात बंद पडलेली गाडी

गेल्या जुलैत आपल्या महाविद्यालयाच्या फाटकात एक जुनी पिकअप आडवी बंद पडली होती. आपल्यापैकी पुष्कळांना ती आठवत असेल. सकाळी अकराची वेळ होती. गाडी रस्त्यावरून आत वळू लागली, तिच्या पोटातून एक किंकाळी निघाली, इंजिनाने दोन आचके दिले आणि अर्धी आत, अर्धी रस्त्यावर अशी ती उभी राहिली. मागे एस.टी. अडकली. शिपाईमामा ओरडू लागले. पायऱ्यांवर बसलेल्या कोणीतरी "संग्रहालयातून आणली का हो?" असे विचारले आणि सगळे हसले. मीही हसले. ड्रायव्हर सगळ्या अंगाचा भार टाकून स्टीअरिंग वळवीत होता आणि चार मुले मागून ढकलीत होती. मी मैत्रिणींना म्हणाले, "चला, ग्रंथालयात जाऊ." आणि आम्ही गेलो.

ती गाडी आमची होती. स्टीअरिंगवर माझे वडील होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून, माझ्यासाठी बाजरीचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन ते मुलींच्या वसतिगृहाकडे निघाले होते. ती पिशवी संध्याकाळी मला वसतिगृहाच्या मावशींकडे मिळाली. "तुझे वडील ठेवून गेले. घाईत होते," एवढेच त्या म्हणाल्या.

कला शाखेच्या अंकात इंजिनाचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्या गाडीचे दुखणे शोधताना मी जे शिकले, ते मला वर्गात शिकूनही नीट कळलेले नव्हते. ते लिहावे म्हणून हा प्रपंच.

आमचे गाव ओतूरच्या पुढे, माळशेज घाटाच्या अलीकडे आहे. अण्णा सातवी शिकले, आई चौथी. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिली. दीड एकर जमीन आणि ही गाडी, यांवर आमचे घर चालते. गाडी 2012 सालची. 2018 साली पतपेढीचे कर्ज काढून अण्णांनी ती जुनी घेतली. घेताना त्यांनी एकच गोष्ट पाहिली होती, ती म्हणजे पॉवर स्टीअरिंग. तरुणपणी हमाली करताना अण्णांचा उजवा खांदा निखळला होता. तो हात आजही पुरता वर जात नाही. भरलेली गाडी साध्या स्टीअरिंगने दिवसभर वळवणे त्यांना जमले नसते.

गाडीचे दुखणे जूनच्या अखेरीस सुरू झाले. ती उभी असताना इंजिन एका लयीत चालेना. मध्येच चढे, मध्येच पडे, दम लागलेल्या माणसासारखे. जागच्या जागी स्टीअरिंग पूर्ण वळवले की कधी कधी बंदच पडे. स्टीअरिंगही कधी हलके, कधी जड लागे आणि वळवताना पुढून आवाज येई. फाटकातला प्रकार झाल्यानंतर अण्णांनी गाडी एका मिस्त्रीला दाखवली. त्याने आयडलिंगचा स्क्रू फिरवून इंजिनाची उभी चाल वाढवून दिली. बंद पडणे थांबले. पण गाडी उभ्या जागी गुरगुरू लागली, गिअर टाकताना कुरकुरू लागली आणि डिझेल जास्त पिऊ लागली. दुखणे झाकले गेले होते, गेले नव्हते.

ते किती झाकले गेले होते हे ऑक्टोबरात कळले. वाशीच्या मार्केटला कोथिंबीर घेऊन जाताना माळशेजच्या उतारावर, एका वळणात गिअर बदलण्यासाठी अण्णांनी क्लच दाबला आणि इंजिन पडले. पॉवर स्टीअरिंगला जोर देणारा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन थांबले की मदत थांबते. चाके वळतात, पण सगळा जोर माणसाचा लागतो. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही दोनतीनदा पाय दाबेपर्यंतच पुरतो. अण्णांनी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली आणि थांबवली. हे त्यांनी मला सांगितले नाही. दिवाळीसाठी घरी गेले त्या रात्री ते आईला सांगत होते, ते मी अंथरुणातून ऐकले.

दुसऱ्या मिस्त्रीने पाहून सांगितले होते, "पंप गेलाय. साडेनऊ हजार." घरातल्या पत्र्याच्या डब्यात 11,000 रुपये होते. ते माझ्या दुसऱ्या सत्राच्या वसतिगृहाचे आणि खाणावळीचे. सकाळी अण्णांनी तो डबा खाली काढला. आई काहीच बोलली नाही. मी विचारले, "अण्णा, पंपच गेलाय कशावरून?"

मला वाटले होते, ते रागावतील. ते म्हणाले, "मलाबी तेच वाटतंय. स्टीअरिंग वळवलं की गाडी बंद पडती, म्हणून सगळे स्टीअरिंगला धरतात. कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ पडत असंल. तू वही घेऊन ये."

मग अंगणात आमची तपासणी सुरू झाली. अण्णांचा नियम एकच होता. "एका टायमाला एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या की कशानं बरं वाटलं ते कळत नाय." मी वहीत रेघ मारून दोन रकाने केले. एकात 'काय केले', दुसऱ्यात 'काय झाले'.

आधी सगळ्यात बिनखर्चाच्या गोष्टी. पुढच्या चाकांतली हवा पाहिली. एका चाकात कमी होती. हवा कमी असली तर कोणतेही स्टीअरिंग जड लागते. ती भरली. थोडा फरक पडला, आवाज तसाच राहिला. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचा भाग जॅकवर उचलला, खाली लाकडी ओंडके दिले आणि इंजिन बंद ठेवूनच स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. ते कुठेही न अडकता फिरले. म्हणजे खालचे सांधे सुकलेले नव्हते, अडकलेले नव्हते. जडपणा त्यांचा नव्हता.

मग आवाज. मला तो एकच वाटत होता. अण्णा म्हणाले, "नीट ऐक. दोन हायेत." खरेच दोन होते. एक बारीक, चिरकणारा, स्टीअरिंग टोकाला नेले की येणारा. दुसरा जाड, म्हशीने हंबरावे तसा, थोडे वळवले तरी येणारा. अण्णांनी पंपाच्या पट्ट्यावर लांबूनच पाण्याचे चार थेंब उडवले. चिरकणे क्षणभर बदलले, हंबरणे तसेच राहिले. म्हणजे चिरका आवाज सैल पट्ट्याचा होता. इंजिन बंद करून अंगठ्याने दाबला, तर पट्टा बोटभर आत गेला. तो ताणला. किंकाळी गेली. हंबरणे राहिले.

आता महत्त्वाची कसोटी. आमच्या गाडीत स्टीअरिंगच्या पंपाचा पट्टा वेगळा आहे आणि पाण्याच्या पंपाचा वेगळा. म्हणून स्टीअरिंगचा पट्टा साफ काढून इंजिन चालू करता आले. आता पंप फिरतच नव्हता. इंजिनाची चाल बिघडण्याचे कारण पंप असेल, तर ती आता सुधारायला हवी होती. ती सुधारली नाही. इंजिन पूर्वीसारखेच चढत होते, पडत होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी वहीत लिहिले : 'दुखणी दोन आहेत.'

ही दोन दुखणी एक का वाटत होती, हेही तिथेच उलगडले. स्टीअरिंग टोकाला नेले की पंपावर सर्वांत जास्त दाब येतो आणि तो ओढायला इंजिनाला जास्त जोर लागतो. धडधाकट इंजिन अशा वेळी जरा दबते आणि जास्त डिझेल घेऊन लगेच सावरते. आमचे इंजिन आधीच अशक्त होते. त्याला सावरता येत नव्हते. स्टीअरिंगने इंजिनाचा आजार निर्माण केला नव्हता, फक्त उघडा पाडला होता.

आधी स्टीअरिंगचा आजार हाती घेतला. तेलाच्या डबीचे झाकण उघडले, तर तेलावर ताक घुसळल्यासारखा फेस. तेल कमीही होते. पण गाडीखाली कधी थेंब पडलेला नव्हता. मग तेल गेले कुठे आणि फेस आला कुठून? अण्णांनी नळ्या दाखवल्या. पंपातून पेटीकडे जाणाऱ्या नळीत तेल मोठ्या दाबाने जाते. ती फुटली तर तेल बाहेर उडेल. पण डबीतून पंपाकडे येणाऱ्या जाड रबरी नळीतून पंप तेल ओढून घेतो. ती सैल असेल तर गाडी चालू असताना तेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. गाडी उभी राहिली की रात्रभर थोडे झिरपते आणि धुळीत मुरते.

त्या नळीचे पंपाकडचे टोक मागच्या बाजूला, अडचणीत होते. अण्णांचा हात तिथे जाईना. माझा गेला. बोटांना चिकट धूळ लागली आणि क्लिप माझ्या दोन बोटांनी गोल फिरली. नळीचे रबर टोकाला लाकडासारखे कडक झाले होते, त्याला भेगा होत्या. "एअर घेतीय," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नवीन नळी, दोन क्लिपा आणि झाकणावर लिहिले होते त्याच जातीचे एक लिटर तेल आणले. चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, मी स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवले. अण्णा डबीत तेल पुरे करीत होते. डबीत बुडबुडे येत राहिले, मग विरळ झाले, मग थांबले. इंजिन चालू केले. हंबरणे गेले होते.

इंजिनाची चाल मात्र अजून तशीच होती. अण्णांनी डिझेल फिल्टरमधून पुढच्या पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी तीस रुपयांची पारदर्शक नळी लावली. डिझेल वाहताना दिसू लागले, आणि त्यातून साबुदाण्यासारखे बुडबुडे धावत होते. इथेही एअर! आता ती कुठून शिरते ते पाहायचे. टाकीकडून येणारी नळी सोडवून अण्णांनी डिझेलचा कॅन जोडला. तो त्यांनी मुद्दाम जमिनीवर ठेवला. मी विचारले, "वर का नाही?" ते म्हणाले, "वर ठेवला तर डिझेल आपसूक उतरंल. गाडीला ओढायला लागणार नाय. मग खोड झाकून जाईल." बुडबुडे येतच राहिले. म्हणजे टाकी आणि तिची नळी निर्दोष होत्या. दोष फिल्टरपाशी होता. मग एकेका सांध्यावर घट्ट ग्रीस थापून पाहिले. पहिल्या सांध्याने काही झाले नाही. दुसरा सांधा, जिथे डिझेल फिल्टरमध्ये शिरते तिथला बोल्ट. त्याच्यावर ग्रीस बसताच बुडबुडे विरळ झाले आणि थांबले. इंजिनाची चाल सरळ झाली.

बोल्ट काढला. त्याच्याखालचा तांब्याचा वॉशर दबून चपटा झाला होता, कडेला चरा होता. हा वॉशर एकदा आवळला की दबतो. बोल्ट उघडला की नवीन घालणे बरे. अण्णा तो हातात धरून थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "जूनमधी फिल्टर मीच बदलला. मजुरी वाचवली. वॉशर जुनाच घातला. हा माझाच हात."

चार नवे वॉशर 40 रुपयांना मिळाले. शेवटी मिस्त्रीने वाढवलेला स्क्रू थोडा थोडा मागे घेतला. प्रत्येक वेळी थांबायचे, ऐकायचे, स्टीअरिंग टोकाला नेऊन पाहायचे, पण तिथे धरून ठेवायचे नाही. मूळच्या चालीवर आल्यावर मी स्टीअरिंग वळवले. इंजिन किंचित दबले आणि लगेच सावरले. उभ्या गाडीचे स्टीअरिंग दोन बोटांनी फिरत होते. वहीतला हिशोब असा : नळी आणि क्लिपा 320, तेल 380, वॉशर 40, पारदर्शक नळी 30. एकूण 770 रुपये. डबा परत फडताळावर गेला.

सुट्टी संपवून आले आणि ग्रंथालयात बसून थोडे वाचले. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखा पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकातल्या पास्कलचा. पॉवर स्टीअरिंगचे तेल त्यावर चालते. तेल दाबले तरी जवळजवळ दबत नाही, म्हणून जोर पोहोचवते. हवा दबते, म्हणून जोर मध्येच गिळते. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने 1926 साली एका मोटारीवर असे स्टीअरिंग बसवून दाखवले, पण विक्रीच्या मोटारीत ते यायला 1951 साल उजाडले. अण्णांच्या खांद्यापर्यंत ते 2018 साली आले.

त्याच आठवड्यात तर्कशास्त्राच्या तासाला मिलच्या पद्धती पुन्हा निघाल्या. जॉन स्टुअर्ट मिलने त्या 1843 साली आपल्या ग्रंथात मांडल्या. सरांनी व्यतिरेक पद्धती सांगितली : दोन प्रसंग सर्व बाबतींत सारखे, फक्त एका बाबतीत वेगळे, एकात घटना घडते, दुसऱ्यात घडत नाही, तर ती वेगळी बाब कारण असते किंवा कारणाचा भाग असते. गेल्या वर्षी ही व्याख्या मी पाठ करून लिहिली होती आणि गुण मिळवले होते. आता ऐकताना मला पट्टा काढलेले इंजिन आणि जमिनीवर ठेवलेला कॅन दिसत होता. एका टायमाला एकच गोष्ट हलवायची. सातवी शिकलेल्या माणसाने ती व्याख्या माझ्यासमोर तेलकट हातांनी सोडवून दाखवली होती. तिला नाव आहे हे त्याला ठाऊक नव्हते आणि नाव ठाऊक असूनही मला ती येत नव्हती.

पण खरी गोष्ट ही नव्हे. अण्णांनी तो वॉशर हातात धरला आणि "हा माझाच हात" असे म्हणाले, त्याला दोन क्षणही लागले नाहीत. घाटात जीव जाण्याची पाळी ज्यामुळे आली, तो दोष त्यांनी पोटच्या पोरीसमोर सहज मान्य केला. मी त्यांच्या समोरच बसले होते. फाटकातला दिवस माझ्या ओठांवर आला होता. मी खाली पाहिले आणि वहीत लिहिले : 'वॉशर, 40 रुपये.'

संध्याकाळी हात धुताना मी कसेबसे बोलले. "अण्णा, जुलैत गाडी कॉलेजपुढं बंद पडली ना, तेव्हा मी तिथंच होते."

ते साबण चोळत म्हणाले, "पाहिलं मी तुला. थांबली नाहीस ते बरं केलंस. तास बुडला असता."

तास सुरू व्हायला त्या वेळी पंचवीस मिनिटे होती. हे मी त्यांना सांगितले नाही, म्हणून इथे लिहिते आहे. अंक हाती आला की हे पान मी त्यांना वाचून दाखवणार आहे.